हेल्मेटच्या आतला मेंदू

डेव्ह ड्युअरसन हा अमेरिकी फुटबॉलमधला नावाजलेला ‘सेफ्टी’, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीतला खेळाडू. धावत्या प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन पाडणे हे त्याचे काम. शिकागो बेअर्सकडून त्याने सुपर बोल जिंकला. पुढे निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर तो बसला. खेळामुळे मेंदू बिघडतो, यावर २००७ मध्ये सिनेटपुढे त्यानेच शंका घेतली. २०११ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. मेंदू संशोधनासाठी द्या, असे लिहून ठेवून. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना त्यात वारंवारच्या आघातांतून होणारा ‘सीटीई’ हा विकार आढळला. हेल्मेट कवटी वाचवते, आत हिंदकळणारा मेंदू नाही. निदानाची खात्री तर मृत्यूनंतरच होते. अशा वेळी जिवंत खेळाडूकडे पक्का पुरावा मागणे ही थट्टाच आहे. विस्मरण, चिडचिड, नैराश्य दिसताच उपचारांचा खर्च लीगने उचलावा.