कंडेन्सरच्या फिल्मवर कोणी बोलेल का?

ईव्ही म्हटलं की सगळे बॅटरी आणि चिपवरच भांडतात. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरचं नाव कोण घेतं? आपल्या पंख्याच्या कंडेन्सरात असते तीच पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म तिथेही असते (पंख्याचा किती वेळा बदललात, आठवा). ती फार तर 105 अंशांपर्यंत टिकते. सिलिकॉन कार्बाइडची चिप 150 लाही आरामात चालते. म्हणजे कूलिंगचा खर्च वाढतो तो या फिल्मपायी! 2015 मध्येच अमेरिकेत पेन स्टेटच्या संशोधकांनी बोरॉन नायट्राइडचे सूक्ष्म पापुद्रे मिसळून 250 अंशांवर चालणारं पॉलिमर करून दाखवलं. आणि आपण? जोडणीला अनुदान देऊन फिती कापतोय. चाकणपासून हाकेवर, पुण्यात एनसीएल आहे, पॉलिमरमध्ये मुरलेली. तिला या एका फिल्मसाठी सलग दहा वर्षं पैसा द्या, असं आपले खासदार सभागृहात कधी म्हणणार?