आधी ऐका, मग फेका

गणपती गेल्यानंतरच्या शनिवारी हिंजवडीतून पहाटे निघालो आणि देवळाली कॅम्पला घरी पोचलो, तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसून एक विचित्र उद्योग करत होते. मॉनिटरचं बटण दाबायचं. पडदा दोन सेकंद उजळायचा, की पुन्हा काळाठिक्कर. तेवढ्या दोन सेकंदांत एक आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. पुन्हा बटण बंद, पुन्हा चालू, पुढचा आकडा. सोसायटीचे वर्षाचे हिशेब ते अशा दोन-दोन सेकंदांच्या हप्त्यांनी लिहून काढत होते. अकरा पानं झाली होती.

"बाबा, हे काय चाललंय?"

"काही नाही रे. उद्या सोसायटीची मीटिंग आहे. हा आता जुना झाला, तूच म्हणालास ना फोनवर."

खरंय, मीच म्हणालो होतो. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला, तेव्हा मी एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगमध्ये शिरत होतो. ते म्हणाले, "मॉनिटर टिकटिक आवाज करतो आणि मध्येच जातो." मी विचारलं, "किती सालचा?" "२००८चा." "मग टाकून द्या, मी नवा मागवतो." संपलं निदान! वेळ लागला चाळीस सेकंद. नवा मॉनिटर अजून माझ्या कार्टमध्येच पडून होता, हे सांगायला नकोच.

माझ्यावर पूर्ण विश्वास न ठेवता (शहाणा माणूस!) बाबा रिक्षात घालून तो मॉनिटर नाशिकच्या एका सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलाने तो लावला, पडदा काळा झालेला बघितला आणि म्हणाला, "पॅनल गेलंय काका. बदलायला चार हजार. त्यापेक्षा नवा घ्या, एक्स्चेंजमध्ये याचे तीनशे देतो." मागचं झाकण उघडलं नाही. एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. तपासणीचे दोनशे रुपये मात्र घेतले.

म्हणजे एक इंजिनिअर आणि एक सर्व्हिस सेंटर, दोघांनी मिळून एका निवृत्त माणसाला सांगितलं की तुमचं यंत्र म्हातारं झालंय, फेकून द्या. आणि दोघांपैकी एकानेही तो आवाज ऐकला नव्हता. आजचं पोस्ट या रागातून आलंय, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

जरा आपलाच धंदा बघा. ऑफिसमध्ये सर्व्हर पडला, तर आपण काय करतो? लॉग वाचतो. कधी सुरू झालं, कशानंतर झालं, पुन्हा घडवून दाखवता येतंय का, असे प्रश्न विचारतो. मग मूळ कारणाचा दोन पानी रिपोर्ट लिहितो. एखाद्या ज्युनिअरने "सिस्टिम जुनी आहे, बदलून टाका" एवढं लिहून तिकीट बंद केलं, तर त्याची काय अवस्था करू आपण! आणि घरचं यंत्र बिघडलं की आपण स्वतः नेमकं तेच करतो. चार वर्षं इंजिनिअरिंग करून, कॅपॅसिटर कसा चार्ज होतो याची डेरिव्हेशन्स पाठ करून, एकालाही त्या कॅपॅसिटरचा चेहरा ओळखता येत नाही.

लॉग इथेही होता बरं का. बाबा आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. त्यांनी डायरीत तारीखवार नोंद ठेवली होती. कॅम्पात तोफखान्याचा सराव सुरू असला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्यामुळे आधी त्यांना वाटलं की टिकटिक तावदानाचीच आहे. मग तोफा शांत असतानाही ती आली, तेव्हा त्यांनी लिहायला सुरुवात केली. "सकाळी टिकटिक जास्त, दहा-बारा वेळा, मग सुरू. दुपारी गरम झाल्यावर लगेच सुरू." पुढच्या आठवड्यात, "टिकटिक कमी, पण पडदा पाच मिनिटांत जातो." आणि शेवटी, "दोन सेकंद."

मंडळी, हे वाचून मी चाट पडलो. अर्धं निदान या डायरीत होतं आणि ती डायरी कुणी मागितलीच नव्हती. थंड असताना अडखळणं आणि गरम झाल्यावर चालणं हे पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर म्हातारे झाल्याचं जुनं लक्षण. या कॅपॅसिटरच्या आत एक द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू वाळतो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. द्रव वाळला की आतला रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. पुरवठा धड होत नाही म्हणून सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही म्हणून बंद पडतो, पुन्हा प्रयत्न करतो. ती टिकटिक म्हणजे हा प्रयत्न.

आणि पॅनल गेलंय की नाही, हे बघायला चार हजार लागत नाहीत, टॉर्च लागतो. पडदा काळा झाल्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका धरून जवळून बघा. मी बघितलं तर बाबांचे आकडे अंधुक, पण स्पष्ट दिसत होते! म्हणजे पॅनल ठणठणीत. गेला होता मागचा उजेड. या जुन्या एलसीडीमध्ये उजेडासाठी बारीक ट्यूब असतात आणि त्यांना शेकडो व्होल्ट पुरवणारं एक सर्किट असतं, त्याला इन्व्हर्टर म्हणतात (घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही). त्याला पुरेसा पुरवठा मिळाला नाही की ते दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घेतं. सगळं एका सुतात जुळत होतं.

कॅम्पच्या माणसाला चुकीचं निदान तसं नवीन नाही म्हणा. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातली मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. मायदेशी नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. जो आधी आला, तो महिनोन्‌महिने काही काम नसताना इथे उन्हात बसायचा. दारू, मारामाऱ्या, हिवताप, आणि काहींची डोकी फिरली. त्यातून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली टॅप' म्हणायला लागले. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. कारण होतं जहाजांचं वेळापत्रक, बदनाम झालं गाव. आमच्या मॉनिटरचंही तेच झालं. उपाशी होता पॉवर सप्लाय, शिक्का बसला पॅनलवर.

असो. तर ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं, ते थोडक्यात सांगतो. एलसीडीमधून गुणगुण येत असेल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. जुन्या एलसीडी उजेड कमी करण्यासाठी ट्यूब सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात, त्याने आतला ट्रान्सफॉर्मर गातो. शंभर टक्क्यांवर आवाज थांबला तर तो बिघाड नाही, सवय आहे. कुणाकडे अजून जुना डबा मॉनिटर असेल, तर सुरू करताना येणारा 'टण्ण' आवाज तब्येतीचं लक्षण आहे. काचेतल्या जाळीवरचं चुंबकत्व तो पुसत असतो. पडदा नाचत असेल तर आधी शेजारचा स्टॅबिलायझर दोन फूट लांब ठेवा. पावसाळ्यात चरचर ऐकू आली तर धूळ आणि ओल यांच्यातून हाय व्होल्टेज गळतंय. 'तड्‌' असा आवाज येऊन चित्र आक्रसलं, तर लगेच प्लग काढा.

घरी प्रयोग करायच्या आधी मात्र एक गोष्ट ऐका. टॉर्च लावा, ब्राइटनेस बदला, आवाज ऐका, डायरी लिहा. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट शिल्लक असू शकतात, आणि रंगीत डबा मॉनिटरच्या नळीला पंचवीस हजारांच्या आसपास लागतात. ते काम शिकलेल्या माणसाचं.

हा शिकलेला माणूस शोधायला मला त्या दिवशी दोन तास लागले. लॅम रोडपासून बाजारापर्यंत जिथे म्हणून लहानपणी टीव्ही रिपेअरचं दुकान आठवत होतं, तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली. शेवटी एका गल्लीत एक काका सापडले. १९८२ला एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, त्यानंतरच्या वर्षांत आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड करून बाहेर पडलेले. मी माझं निदान त्यांना मोठ्या रुबाबात ऐकवलं. त्यांनी काही न बोलता मॉनिटर लावला, कान जवळ नेला, टिकटिक ऐकली आणि म्हणाले, "दोन कॅपॅसिटर. डोकी फुगली असतील बघा." उघडलं. दोन. डोकी फुगलेली. कॅपॅसिटरचे तीस रुपये, मजुरी अडीचशे. पस्तीस मिनिटांत काम झालं.

"शिकायला कुणी येतं का, काका?" विचारलं तर हसले. "येतात ना. मोबाईलची काच बदलायला शिकतात. आवाज ऐकायला वेळ कोणाला?"

आता तुमचे आक्षेप. पहिला, "तुझ्या दोन तासांचा पगार धर, नवा स्वस्त पडला असता." मी कॅन्टीनमध्ये रोज चहावर तास घालवतो, तेव्हा हा दर कोणी काढत नाही. आणि बाबांचे तीन आठवडे कुठल्या दराने धरायचे?

दुसरा, "जुना मॉनिटर वीज खातो." हिशेब करू. नव्यापेक्षा समजा वीस वॅट जास्त. रोज चार तास धरले तर वर्षाला साधारण २९ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी तीनशे रुपयांच्या आत. कार्टमधला मॉनिटर ६,२०० रुपयांचा होता. तो वसूल व्हायला वीस वर्षं लागतील, आणि तो तेवढा टिकणार नाही.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. काही गोष्टी खरंच संपतात. डबा मॉनिटरची नळी गेली तर ती जाऊ द्यावी. पण जाऊ देणं म्हणजे भंगारवाल्याला देणं नव्हे. त्या काचेत शिसं असतं, एलसीडीच्या ट्यूबमध्ये पारा असतो. नव्या ई-कचरा नियमांनुसार १ एप्रिल २०२३पासून या कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण आपल्याकडे असलं सामान अजूनही अनेकदा गल्लीबोळातच फोडलं जातं. वायरी जाळणारा आणि ॲसिडात बोर्ड बुडवणारा माणूस आपल्या नकाशावर नसतो, एवढंच.

माझा खरा राग 'फेका' या शब्दापेक्षा त्याच्या आधी काहीच न विचारण्यावर आहे. आणि त्याला केवळ तो काउंटरवरचा मुलगा जबाबदार नाही. त्याच्या हातात सर्किटचा नकाशा नाही, सुटे भाग नाहीत, त्याला विक्रीचं टार्गेट आहे. एके काळी कित्येक रेडिओ-टीव्हींबरोबर सर्किटची आकृती छापून यायची. आता ती आकृती मागितली तर कंपन्या असं बघतात, जणू आपण तिजोरीची किल्ली मागितली. युरोपियन युनियनने मार्च २०२१पासून मॉनिटर आणि टीव्हीच्या कंपन्यांना बंधनच घातलं, की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना पॉवर सप्लाय आणि मोठे कॅपॅसिटर पुरवायचे. होय, कॅपॅसिटर! कायद्यात लिहिलंय. फ्रान्सने २०२१मध्ये टीव्हीवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैमध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. चांगलं आहे. पण पोर्टलवर कंपनीचा फोन नंबर सापडणं आणि हातात सुटा भाग पडणं यांत पुष्कळ अंतर आहे.

ते अंतर कमी होईपर्यंत आपण काउंटरवर तीन प्रश्न तर विचारू शकतो. नेमका कुठला भाग गेलाय? तो गेलाय हे कसं तपासलंत? हे कागदावर लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला बरीच 'गेलेली' पॅनल्स जिवंत होतील असा माझा अंदाज आहे :-)

रविवारी मीटिंग झाली. बाबांनी हिशेब छापून नेला, वहीतली अकरा पानंही सोबत नेली, ताडून बघायला म्हणून. एक आकडा चुकला होता, आठाचा तीन झालेला. दोन सेकंदांत एवढं चालायचंच.

परत निघताना मी म्हटलं, "बाबा, सॉरी. मी फोनवर नीट ऐकलं नाही."

ते म्हणाले, "अरे, तुला कामं असतात."

हेच वाक्य मला पुण्यापर्यंत टोचत होतं. कार्टमधला मॉनिटर मी काढून टाकलाय. पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा 'किती सालचा' हा प्रश्न मी शेवटी विचारणार आहे. पहिला प्रश्न, कसला आवाज येतोय?