जुन्या कॅरॅव्हॅनचे शॉकअप आणि नगरचे रस्ते

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चा झाली ती वाहनतळ, नोंदणी आणि सवलतींची. ज्या रस्त्यांवरून ही फिरती घरे जायची, त्यांचा विचार मागेच राहिला. अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) हे विशेष जाणवते. एकीकडे शिर्डी व शनिशिंगणापूरकडे जाणारी वर्दळ, दुसरीकडे भंडारदरा, रतनवाडी, साम्रदचा डोंगराळ पट्टा. या दोहोंच्या मध्ये धावणारी वाहने बहुधा नवी कोरी नसतात. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन, आतील आसने काढून, पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसविलेली गाडी हेच अनेक कुटुंबांचे कॅरॅव्हॅन असते. अशा गाडीचा धक्काशोषक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, निकामी झाला की कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो ब्रेक आणि वळणावरील तोलाशी निगडित आहे.

मुळात एक गैरसमज दूर करायला हवा. शॉकअप वजन पेलत नाही. वजन पेलतात ते कमानपाटे. शॉकअपचे काम पाट्यांचे हेलकावे आवरण्याचे. आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. म्हणूनच मागून बसलेली गाडी ‘हेवी ड्यूटी’ शॉकअप लावून वर येईल, ही आशा फोल ठरते. पाटे थकले असतील तर आधी त्यांना पुन्हा कमान द्यावी, तुटलेला पाटा बदलावा आणि मगच शॉकअपचे माप घ्यावे. हा क्रम उलटला तर खर्च दोनदा होतो. बसलेल्या पाट्यांवर नवा शॉकअप पूर्ण दबून आदळतो आणि त्याचे सील किंवा ब्रॅकेट तुटते. उलट, कमान दिल्यावर गाडी उंचावली आणि शॉकअप आखूड पडला, तर तोच चाकाला खाली येण्यापासून अडवू लागतो. त्यामुळे दबलेली व ताणलेली अशी दोन्ही लांबी, तसेच बुशाचा व्यास मोजल्याविना ‘याच मॉडेलचा द्या’ म्हणणे धोक्याचे आहे.

प्रवासी गाडी आणि कॅरॅव्हॅन यांत आणखी एक फरक आहे. प्रवासी उतरले की गाडी हलकी होते; पलंग, बॅटरी आणि शेगडी मात्र उतरत नाहीत. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, तेही चालत्या गाडीत डचमळणारे. वर छतावर वातानुकूलन यंत्र किंवा सामान असेल तर गुरुत्वमध्य उंचावतो आणि वळणावर गाडी झुकते. नगर जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे वजनकाट्यांची वाण नाही. टाकी भरून, माणसे बसवून पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. हा आकडा हाती आल्याशिवाय दुकानदाराचा सल्ला अंदाजच राहतो, मग तो कितीही अनुभवी असो.

रस्त्यांचा विचार केला तर जिल्हा दोन निराळ्या परीक्षा घेतो. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो आणि गाडी संथपणे वर-खाली डुलते. नगर-मनमाड मार्गाच्या खड्ड्यांबद्दलची ओरडही जुनीच. अकोले तालुक्यातील आतल्या वाटांवर मात्र सतत बारीक, कठोर हादरे बसतात. अशा हादऱ्यांत तेल तापते, त्यात फेस होतो आणि शॉकअप पोकळ पडल्यासारखा वागतो. नायट्रोजन वायूच्या दाबामुळे हा फेस आवरला जातो. एकनळी वायूभारित शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतो, हे खरे. परंतु त्याच्या नळीवर दगड लागून खळगा पडला तर आतला दट्ट्या अडकतो. दुहेरी नळीच्या प्रकारात बाहेरच्या नळीची किरकोळ इजा खपून जाते. त्यामुळे दगडी वाटांवर जाणाऱ्या जुन्या गाडीसाठी कमी दाबाचा वायूभारित, दुहेरी नळीचा शॉकअप हाच शहाणपणाचा पर्याय दिसतो. पाट्यांना स्वतःचे घर्षण असतेच. त्यावर अतिकठोर शॉकअप लादला तर गाडी स्थिर होण्याऐवजी उडू लागते, आणि आतले लाकडी कपाट पहिल्यांदा सैल होते.

नगरजवळच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी ती एक. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानकही आहे. पण अशी मान्यता नव्या नमुन्याची असते. पंधरा वर्षे वापरलेल्या, कुणा मिस्त्रीने आतून बदललेल्या गाडीच्या झिजेविषयी ती काही सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, याचेही भान अनेकांना नसते. तेव्हा गाडीची उंची वाढविणारे हौशी प्रयोग टाळलेलेच बरे.

बनावट मालाचा प्रश्नही आहेच. नामांकित कंपनीच्या खोक्यात हलका माल मिळण्याची शक्यता गृहीत धरून अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे. शॉकअप एका अॅक्सलवर जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला की ब्रेक लावताना गाडीची मागची बाजू एकसारखी वागत नाही. तेलाची गळती, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे आणि उतारावर लांबलेला ब्रेक ही जुना शॉकअप गेल्याची लक्षणे. जड पाट्यांच्या गाडीत हाताने बंपर दाबून पाहण्याची प्रचलित कसोटी मात्र फारशी उपयोगी नाही. बसविताना रबरी बुशांचे नट गाडी जॅकवर टांगलेली असताना कसू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे नेहमीचे वजन आल्यावरच कसावेत, अन्यथा बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.