बोलींच्या नोंदी हिंगोलीच्याच विद्यार्थ्यांनी कराव्यात



नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक मिळू लागले आहेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मागच्या वर्षीची फाइल समोर ठेवून प्रकल्प उतरवला जातो, गुण पडतात आणि फाइल कपाटात जाते. त्याऐवजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांना बोलीसंशोधनाचे काम द्यावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

या बाबतीत आपला जिल्हा पूर्वीपासून उपेक्षित आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठी खंड १९०५ साली निघाला. निजामाचे हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड त्यात आला आणि अलीकडचा आपला मुलूख राहून गेला. पुढे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे राज्यभर सर्वेक्षण केले. ही कामे मोलाचीच आहेत. पण राज्यव्यापी पाहणीत एका जिल्ह्यातली मोजकीच गावे येणार. गावोगावचे बारकावे टिपायला तिथलीच माणसे हवीत.

परक्या माणसाने मोबाइल पुढे धरला, की म्हातारी माणसे पुस्तकी मराठी बोलू लागतात. नातीने विचारले तर आजी मोकळी होते. वसमत भागात हळद उकरल्यावर जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे वेगळी करताना बाया काय बोलतात, बॉयलर येण्यापूर्वी कढईवर हळद कशी शिजत असे, हे त्या कामात वाढलेल्या पोरीला जसे विचारता येईल, तसे बाहेरच्याला जमणार नाही. तांड्यावरच्या बंजारा मुलाला गोरबोली घरातच मिळते. २०११ च्या जनगणनेने ही भाषा हिंदीच्या रकान्यात टाकली आहे. तिच्या स्वतंत्र नोंदी तांड्यातल्या पोरांनी नाही करायच्या, तर कोणी?

अप्रशिक्षित हातांनी गोळा केलेली सामग्री कच्ची राहील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय प्रशिक्षणाचा आहे. ध्वनिमुद्रण कसे करावे, बोलणाऱ्याचे वय, गाव, शिक्षण कसे नोंदवावे, ऐकले तसेच लिहून कसे काढावे, याची कार्यशाळा विद्यापीठाच्या भाषा संकुलाने हिंगोलीतच घ्यावी. सर्वांना सारखीच प्रश्नावली दिली, तर गावागावांची तुलनाही करता येईल.

तीन अटी मात्र पाळल्याच पाहिजेत. बोलणाऱ्याची संमती आधी, त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. ध्वनिमुद्रणाची प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवावी. आणि पुढे त्यावर शोधनिबंध निघाला, तर सामग्री गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे त्यात छापावीत. पोरांनी उन्हातान्हात फिरायचे आणि नाव मार्गदर्शकाचे लागायचे, हे चालणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. त्यानिमित्ताने येणाऱ्या निधीतला काही वाटा नरसी नामदेवाच्या या जिल्ह्यातल्या प्रशिक्षणाला आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला मिळावा. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी हा निर्णय घ्यावा. जुनी बोली बोलणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. आणखी एक वर्षही दवडणे परवडणारे नाही.

— मराठीचा एक शिक्षक, कळमनुरी (जि. हिंगोली)