दाराबरोबर खिडक्याही उघडा

प्रार्थनामंदिराचे दार बंद करावयास एक सरकारी हुकूम पुरतो; ते पुन्हा उघडावयास मात्र केवळ हुकूम पुरत नाही. त्यास विचार लागतो, शिस्त लागते आणि शेजाऱ्याच्या जिवाची चाड लागते. करोनाच्या महासाथीत महाराष्ट्राने हे दार दोनदा लावले आणि दोनदा उघडले. मार्च २०२० मध्ये बंद झालेली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली. ५ एप्रिल २०२१ च्या रात्री, म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, ती पुन्हा बंद झाली आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी, घटस्थापनेस, पुनश्च उघडली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यासही आता काळ लोटला. बाकांवर चिकटवलेल्या फुल्या निघाल्या, जमिनीवर रंगवलेली वर्तुळे पुसली गेली. त्यांच्याबरोबर त्या दोन वर्षांत शिकलेला धडाही पुसला जाणार असेल, तर ती गोष्ट आपणांस परवडणारी नाही. साथ पुन्हा येईल. ती केव्हा येईल एवढेच कोणास ठाऊक नाही. तेव्हा साथीच्या दिवसांत चर्चचे दार सुरक्षितपणे कसे उघडावे, याचा विचार आज, कोणावर संकट नसताना, करावा हेच शहाणपणाचे होय.

चर्चचेच उदाहरण का घ्यावे, असे कोणी विचारील. प्रत्येक धर्माच्या भाविकांना त्या काळाची झळ लागली हे खरे. पण चर्चच्या उपासनेत साथीच्या दृष्टीने सगळ्या अडचणी एकत्र येतात. देवळात दर्शन घेऊन माणूस पाच मिनिटांत बाहेर पडू शकतो. रविवारच्या मिस्सेला आलेला भाविक तासभर एका छपराखाली, एका बाकावर, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो. तो सर्वांबरोबर मोठ्याने गातो, शांतीची खूण म्हणून हात हातात घेतो, धर्मगुरूच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतो, आणि काही पंथांत तर एकाच पेल्यास अनेकांचे ओठ लागतात. हे कोडे जेथे सुटेल, तेथे भजनी मंडळाचे, कीर्तनाच्या मंडपाचे आणि नाट्यगृहाचेही कोडे बहुतांशी सुटेल. शिवाय हा प्रश्न परक्यांचा नव्हे. जानेवारी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या अवघे दोन महिने आधी, उस्मानाबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते. वसईच्या वाड्यावाड्यांतून मराठीत मिस्सा ऐकणारी जी हजारो कुटुंबे आहेत, त्यांच्या घरातला हा प्रश्न आहे.

त्या दिवसांत एक सुलभ उपदेश वारंवार कानी पडे : देव तर घरीही आहे, मग देवळात अथवा चर्चमध्ये जाण्याचा हट्ट कशासाठी? हा उपदेश करणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्यांना उपासनेचे मर्म कळले होते असे आम्हांस वाटत नाही. कॅथलिक श्रद्धेत ख्रिस्तप्रसाद ही पडद्यावर पाहण्याची वस्तू नाही. ती समुदायात येऊन ग्रहण करावयाची आहे. व्हॅटिकनमधील उपासनाविषयक खात्याचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल सारा यांनी १५ ऑगस्ट २०२० च्या पत्रात जगातील धर्माध्यक्षांस हेच कळविले, की प्रक्षेपणे आजारी आणि असहाय लोकांसाठी उपयुक्त असली, तरी प्रत्यक्ष उपस्थितीची जागा ती घेऊ शकत नाहीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला रविवारची मिस्सा हा आठवड्यातील माणसे भेटण्याचा एकमेव प्रसंग असतो. ती तिच्यापासून हिरावून घेतली की केवळ एक विधी चुकत नाही, तिचा आधारच तुटतो. म्हणून चर्च उघडण्याची मागणी करणारे सारेच अविवेकी होते असे मानणे अन्यायाचे आहे.

परंतु तीच वृद्धा साथीस सर्वांत आधी बळी पडते, हे नाण्याचे दुसरे अंग आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन या गावी १० मार्च २०२० रोजी एका चर्चच्या सभागृहात एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते. दाराशी हात निर्जंतुक करण्याची सोय होती, कोणी कोणाशी हस्तांदोलन केले नाही. अडीच तास सर्वांनी मिळून गायन केले. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. त्याच महिन्यात आर्कान्सास राज्यातील एका ग्रामीण चर्चमधील कार्यक्रमांस आलेल्या ९२ जणांपैकी ३५ जणांस बाधा झाली आणि तिघांचा मृत्यू झाला. पुढे त्यांच्यामुळे गावातील इतरांसही रोग जडला. या लोकांनी कोणता गुन्हा केला होता? ते देवाचे नाव घेण्यासाठी आणि गाण्यासाठी जमले होते, इतकेच. रोगास हेतू कळत नाही. त्याला फक्त कोंडलेली हवा कळते.

हवा! या एका शब्दात सगळा धडा साठवलेला आहे, आणि नेमका तोच आपण उशिरा वाचला. दोनशे एकोणचाळीस शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये उघड पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या प्रश्नोत्तरांत ही गोष्ट स्पष्ट शब्दांत नोंदविली ती एप्रिल २०२१ च्या अखेरीस. तोवर बाके पुसणे, दाराच्या मुठी घासणे, पादत्राणे दूर ठेवणे, कपाळावर तापमापक रोखणे यांतच आपली बहुतेक शक्ती खर्ची पडली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ४ जून २०२० च्या नियमावलीत वास्तविक योग्य त्या गोष्टी होत्या. गायनवृंदास मनाई करून ध्वनिमुद्रित संगीत वाजवावे, तीर्थ शिंपडू नये, बाहेरची ताजी हवा शक्य तितकी आत घ्यावी, वारा आरपार खेळता ठेवावा, असे तीत सांगितले होते. पण डोळ्यांना दिसणारी बाटली दाराशी ठेवणे सोपे होते. न दिसणारी हवा मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

यात आपल्या जुन्या वास्तू आपल्यापेक्षा शहाण्या ठरल्या असत्या. मुंबई आणि वसई परिसरातील जुन्या चर्चांची उंच छपरे, मोठ्या खिडक्या आणि दोन्ही बाजूंची दारे ही उकाड्यावर केलेली योजना होती. साथीतही तीच कामास येते. दादरचे पोर्तुगीज चर्च १९७० च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार नव्याने उभारले गेले. त्यात बंदिस्त दालनांच्या जोडीला आकाशाखालची अंगणे आहेत. अशा वास्तूंत वातानुकूलनासाठी खिडक्या बुजवून टाकणे म्हणजे पूर्वजांनी दिलेले औषध गटारात ओतण्यासारखे आहे.

दुसरा दोष आकड्यांचा. २०२० च्या नाताळात राज्य सरकारने चर्चमध्ये पन्नासांहून अधिक लोक नकोत, असे सांगितले. महानगरांत रात्रीची संचारबंदी असल्याने मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळवर आली. वेळ बदलण्यात गैर काही नव्हते. पण हजार माणसे मावतील अशा उंच, हवेशीर मंदिरालाही पन्नास आणि ठेंगण्या छपराच्या लहानशा प्रार्थनाघरालाही पन्नास, हे गणित शाळेतील मुलासही पटणार नाही. न्यूयॉर्क राज्याने अतिधोक्याच्या भागांत दहा आणि त्याखालील भागांत पंचवीस अशा मर्यादा घातल्या, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी त्यांस स्थगिती दिली. दुकानांना मोकळीक आणि मोठ्या प्रार्थनामंदिरांना दहाची अट, हा भेद न्यायालयास रुचला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषणासाठी दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन जैन मंदिरे अटींसह उघडण्यास अनुमती देताना, अर्थव्यवहारास मोकळीक आणि धर्माचरणास तेवढी साथीची सबब, या विसंगतीवर बोट ठेवले होते. नियम कठोर असला तरी लोक तो पाळतात. विसंगत असला की त्याला वाटा फुटतात.

त्या विसंगतीतूनच राजकारणाला वाव मिळाला. केंद्राने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडण्यास मुभा दिली होती. महाराष्ट्राने ती बंद ठेवली आणि ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहे व मद्यालये निम्म्या क्षमतेने सुरू केली. लगोलग राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यात हिंदुत्व आले, धर्मनिरपेक्षता आली, उपरोध आला. खिडकी मात्र कोठेच आली नाही. रुग्णसंख्या अफाट असलेल्या राज्याने सावधगिरी बाळगली याचा दोष आम्ही देत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ‘उघडा’ आणि ‘उघडू नका’ या दोन आरोळ्यांच्या गदारोळात ‘कसे उघडावे’ हा एकमेव उपयुक्त प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

आणखी एक गोष्ट त्याहून गंभीर आहे. जेथे साथीचे खापर एखाद्या समाजाच्या माथी फुटते, तेथे लोक आजार लपवू लागतात. दक्षिण कोरियातील देगू शहरी फेब्रुवारी २०२० मध्ये शिन्चॉन्जी पंथाच्या सभांतून रोग पसरला, तेव्हा त्या पंथावर सारा देश तुटून पडला. आपल्याकडे मार्चमध्ये निजामुद्दीनच्या तबलिगी मेळाव्यानंतर तेच घडले. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने त्यांतील परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे नमूद केले. ज्या भाविकाला ‘मला ताप आहे’ हे निर्भयपणे सांगता येते, त्याचेच चर्च सुरक्षित असते. विश्वास हाही आरोग्याचा एक उपाय आहे, आणि तो ऐनवेळी बाजारात विकत मिळत नाही.

मग करावे काय? प्रत्येक धर्मग्रामाने आपली साथयोजना आजच कागदावर उतरवावी. तीत आपल्या वास्तूच्या किती खिडक्या प्रत्यक्ष उघडतात, किती गंजून बसल्या आहेत, याची नोंद असावी. हवेतील कर्बवायू मोजण्याचे लहानसे यंत्र मिळते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे चारशेवीस असते, आत ते आठशेच्या फार वर गेले तर माणसे एकमेकांचा उच्छ्वास घेत आहेत असे समजावे. किती माणसे आत घ्यावीत हे त्या मापावरून ठरवावे. शक्य तेथे मिस्सा अंगणात व्हावी. एका लांब मिस्सेऐवजी चार छोट्या व्हाव्यात आणि मधल्या वेळात वास्तू रिकामी, उघडी राहावी. समुदायाने गाऊ नये. एकाच गायकाने दूर उभे राहून गावे. मुखपट्टी धर्मगुरूनेही बांधावी, ख्रिस्तप्रसाद हातावर द्यावा, पेला सामायिक नसावा, शांतीची खूण नमस्काराने करावी. वृद्धांसाठी कमी गर्दीची वेगळी वेळ असावी आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या दारी कोणी जावे, याची यादी नावानिशी तयार असावी. ख्रिस्ती समाजात परिचारिकांची उणीव नाही. योजना करणाऱ्या समितीत त्यांना मानाचे स्थान द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या खुणेवर दार लावावयाचे आणि कोणत्या खुणेवर उघडावयाचे, हे आधीच लिहून ठेवावे, म्हणजे त्या दिवशी कोणाच्या दडपणाखाली निर्णय होणार नाही. सरकारनेही माणसांचे सरसकट आकडे ठरवण्याऐवजी हवा, अवकाश आणि वेळ यांची मापे ठरवावीत आणि ती चर्च, देऊळ, मशीद, नाट्यगृह व मंगल कार्यालय यांस सारखीच लावावीत.

अशाने उपासनेचा आत्मा हरपेल, अशी शंका काहींना येईल. त्यांनी वारकऱ्यांचे स्मरण करावे. आषाढी २०२० मध्ये शतकांची पायी वारी थांबली आणि संतांच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. पाऊल थांबले, पण वारी खंडित झाली नाही. जिवंत परंपरेला रूप बदलता येते. ज्या परंपरेला ते मुळीच बदलता येत नाही, तिच्याविषयीच चिंता करावी.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. पण ही विहीर साथीची वाट पाहत कोरडी राहणारी नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि क्षयही कोंडलेल्या हवेतूनच पसरतो. आज उघडलेली खिडकी उद्याच्या साथीसाठी आहे तशीच या रविवारी मागच्या बाकावर खोकणाऱ्या माणसाच्या शेजाऱ्यासाठीही आहे. धर्मगुरूंनी आणि धर्मग्रामाच्या मंडळांनी येत्या रविवारी उपासना संपताच एक काम करावे : सगळ्या खिडक्यांपाशी जाऊन त्या उघडतात की नाही ते पाहावे, आणि ज्या उघडत नाहीत त्यांच्यासाठी सोमवारी सुतार बोलवावा.