वॉरंटी नावाचा बग

इथे अमेरिकेत आपली मंडळी पहिली गाडी घेतात ती बहुतेकदा जुनी. किमतीवरून डीलरशी तासभर हुज्जत घालतात आणि शेवटी फायनान्सवाल्याच्या खोलीत पाच मिनिटांत 'एक्स्टेंडेड वॉरंटी'वर सही ठोकून येतात. काही महिन्यांनी गिअरबॉक्स बसतो, क्लेम नाकारला जातो, आणि मग प्रत्येक पॉटलकला तीच रडकथा!

मुळात ही वॉरंटी नव्हेच. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार वेगळे पैसे मोजून घेतलेला हा 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट'. खरी वॉरंटी गाडीच्या किमतीतच येते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे करार दोन प्रकारचे. एकात कव्हर होणाऱ्या पार्ट्सची यादी, म्हणजे व्हाइटलिस्ट. दुसऱ्यात न होणाऱ्यांची, म्हणजे ब्लॅकलिस्ट. त्यातल्या त्यात दुसरा परवडला. पण अटी बहुधा त्याच: नेहमीची झीज चालणार नाही, आधीपासूनचा बिघाड चालणार नाही, मेंटेनन्सच्या पावत्या दाखवा. आता जुन्या गाडीत झीज कुठे संपते आणि बिघाड कुठे सुरू होतो? हे ठरवणार कोण, तर ज्याच्या खिशातून पैसे जाणार तोच! शिवाय कारण शोधायला इंजिन उघडावं लागतं, आणि क्लेम नाकारला तर ते बिलही आपल्याच माथी.

हे काही एकट्यादुकट्याचं नशीब नाही. टीव्हीवर धडाक्यात जाहिराती करणाऱ्या कारशील्डने जुलै २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून १ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. आरोप काय, तर जाहिरातीत सगळं कव्हर, प्रत्यक्षात बऱ्याच दुरुस्त्या नाहीत.

'करार वाचायचा ना मग!' असं सांगणारे शहाणे भेटतात. वाचावाच. पण खेळाडू आणि पंच एकच असेल तर नियम पाठ करून किती फरक पडणार? माझ्या मते क्लेम नाकारणाऱ्यानेच तो का नाकारला हे सिद्ध करायला हवं.

तोपर्यंत आपण काय करायचं? कर्जासाठी वॉरंटी सक्तीची आहे असं डीलर म्हणाला, तर थेट बँकेला विचारा. करार घरी आणून वाचा, मग सही. क्लेम नाकारला तर कलमासकट लेखी कारण मागा आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार करा. आणि सर्वात सोपं म्हणजे तेच पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाका. गाडी नाहीच बिघडली तर निदान ते आपलेच राहतील :-)