इतिहासाची शिकवणी

गणिताची शिकवणी आपल्या घरांना नवी नाही. इंग्रजीची नाही, संस्कृतचीही नाही. पेटीची आणि कथ्थकची शिकवणी तर आपण मुलींना हौसेने लावतो. पण इतिहासाला शिकवणी लावली असे कोणी सांगितले, तर ऐकणारा क्षणभर थबकतो. इतिहास हा परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा विषय! सनावळ्या पाठ केल्या, कारणांची पाच आणि परिणामांची पाच कलमे घोकली, की झाले. मी पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षे हाच विषय शिकवला. पण त्या तीस वर्षांत एकाही पालकाने मला इतिहासाच्या शिकवणीबद्दल विचारले नाही. भूगोलाबद्दल एकदा विचारणा झाली होती, तीही नकाशे रंगवून देता का म्हणून.

म्हणून 2024 च्या डिसेंबरात मी न्यू जर्सीला लेकीकडे गेले आणि नातीसाठी इतिहासाचा मास्तर शोधणे चालू आहे असे कळले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. आपल्यापैकी पुष्कळांची लेकरे-नातवंडे तिकडे आहेत, आणि इकडच्याही काही शाळांतून आता हा अभ्यासक्रम असतो. म्हणून ही हकीकत जरा तपशिलाने सांगते.

नात दहावीत. घरात सगळ्यांत जास्त वाचणारी पोर. तिने विषय घेतला होता 'ए. पी. वर्ल्ड हिस्टरी', म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा जगाचा इतिहास. कॉलेज बोर्ड नावाची संस्था 1950 च्या दशकापासून असे अभ्यासक्रम चालवते आणि दर मे महिन्यात त्यांच्या परीक्षा घेते. 1 ते 5 असे गुण. चांगले मिळाले तर पुष्कळ कॉलेजे पुढे तो विषय झाला असे धरतात. जगाच्या इतिहासाची पहिली परीक्षा 2002 साली झाली.

या अभ्यासक्रमाची सुरुवात कोठून करावी यावरून 2018 साली तिकडे मोठे वादळ झाले होते. पूर्वी तो थेट अश्मयुगापासून चाले. एवढा पसारा एका वर्षात मावत नाही, म्हणून बोर्डाने तो 1450 पासून सुरू करायचे ठरवले. त्यावर शिक्षक आणि विद्यार्थी खवळले. त्यांचे म्हणणे असे, की 1450 ला आरंभ केला तर आशिया, आफ्रिका आणि अमेरिका ही खंडे गोष्टीत येतात ती युरोपची जहाजे तिकडे पोचतात तेव्हाच. जणू त्याआधी तिथे कोणी राहतच नव्हते! अखेर तडजोड होऊन 1200 साल ठरले. मला हा वाद फार आवडला. त्या अडीचशे वर्षांत चंगीझखान आहे, मालीचा मन्सा मुसा आहे, दिल्लीची सुलतानशाही आहे, विजयनगर आहे. गोष्ट कोठून सांगायला घ्यावी, यातच अर्धा इतिहास असतो.

पण हे झाले माझे कौतुक. घरातली हवा निराळी होती. ज्या पोरीला इब्न बतूता कोणत्या साली कोठे होता हे विचारले तर ती जेवताजेवता सांगे, तिला शाळेच्या चाचणीत सातांपैकी दोन गुण पडले होते. एकदा नव्हे, तीनदा. तिने जेवणाच्या टेबलावर बोलणे सोडले होते. विषय सोडण्याचा अर्ज तिने स्वतःच शाळेतून आणून ठेवला होता. जानेवारीअखेरपर्यंत त्यावर आईवडिलांची सही हवी होती. भरीला जावयांच्या कंपनीत माणसे कमी करण्याचे वारे सुटले होते. त्यामुळे शिकवणीचा प्रश्न निघाला, की जावई आधी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत आणि मग ताशी किती, ते विचारीत.

"आई, तुम्ही आहातच की घरात," ते एकदा मला म्हणाले.

मी स्वच्छ नाही म्हटले. एक तर आजीने नातीची शिकवणी घेऊ नये. दोघींपैकी एक नाते बिघडतेच. दुसरे असे, की मी तिचा तो उत्तराचा कागद वाचला होता. तिची माहिती कमी नव्हतीच. कमी होते ते दुसरेच काही.

ही सात गुणांची भानगड काय आहे ते सांगते. सव्वातीन तासांची परीक्षा. 55 मिनिटांत 55 पर्यायी प्रश्न, मग तीन लघुत्तरे, आणि शेवटी दोन निबंध. त्यांतला पहिला निबंध कागदपत्रांवरचा. मुलांपुढे सात अस्सल कागद ठेवतात: कोणाचे पत्र, कोणाचा प्रवासवृत्तान्त, एखादे चित्र, एखादा तक्ता. तासाभरात ते वाचायचे आणि त्यांच्या आधाराने स्वतःचे एक म्हणणे मांडून सिद्ध करायचे. या एका निबंधाला सगळ्या परीक्षेतला पाव हिस्सा. म्हणणे मांडण्याला एक गुण, त्या काळाची पार्श्वभूमी सांगण्याला एक, कागद पुराव्यासारखे वापरण्याला दोन, कागदांबाहेरची एक माहिती आणण्याला एक, कागद कोणी, कोणासाठी, का लिहिला हे ओळखण्याला एक, आणि प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिल्याबद्दल एक. झाले सात!

नातीने काय केले होते? पहिला कागद असे म्हणतो, दुसरा कागद तसे म्हणतो, तिसरा आणखी काही म्हणतो. सातही कागदांचा सुंदर सारांश. आमच्या वेळी याला दहापैकी नऊ मिळाले असते.

आता मास्तर. पहिला शोध लागला तो दुकानांच्या रांगेतल्या एका क्लासचा. एका बाजूला इडलीवाला, दुसऱ्या बाजूला धोबी, मध्ये हा क्लास. वीस तासांचे एकगठ्ठा पैसे आधी भरायचे. तिथल्या बाईंनी आम्हाला जाड वह्या दाखवल्या. नऊही प्रकरणांच्या टिपा, सनावळ्यांचे रंगीत तक्ते. "शिकवणार कोण?" असे लेकीने विचारले, तेव्हा "आमचे सगळेच शिक्षक उत्तम आहेत," असे उत्तर मिळाले. मी लेकीचा पदर ओढला, म्हणजे कोटाची बाही ओढली. शिकवणाऱ्याचे नाव न सांगणाऱ्या क्लासात मुलाला घालू नये, हे पुण्यात खरे असेल तर एडिसनमध्येही खरेच असणार.

दुसरा आला तो कॉलेजात शिकणारा मुलगा. याच परीक्षेत 5 मिळवलेला, हसतमुख, चुणचुणीत आणि स्वस्त. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तासाच्या शेवटी निबंध झकास झाला होता, पण तो त्याचा! नात कोठे अडली की तो चट्कन वाक्य सांगे आणि ती लिहून घेई. पोरगा गुणी होता. आपल्याला जे सहज येते ते दुसऱ्याला का येत नाही, हे कळायला मात्र वय लागते.

तिसऱ्या बाई पडद्यावरून शिकवणाऱ्या. त्यांनी आधीच सांगून टाकले, की मी अमेरिकेचा इतिहास शिकवते, जगाचा नाही. जावई लगेच नको म्हणाले. हे मात्र मला पटले नाही, कारण बोर्डाच्या इतिहासाच्या तिन्ही परीक्षांत, म्हणजे अमेरिका, युरोप आणि जग, निबंध तपासायची पद्धत एकच आहे. लिहायला शिकवणारा माणूस हवा असेल तर अशी बाई चालून गेली असती. पण त्यांना शनिवार मोकळा नव्हता.

या अवधीत जी फुकट साधने होती ती आम्ही वापरलीच. मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न, त्यांची तपासणीची सूत्रे आणि मुलांच्या उत्तरांचे नमुने बोर्ड स्वतःच प्रसिद्ध करते. यूट्यूबवर हाइमलर नावाचे मास्तर आहेत, ते झरझर पण नेटके सांगतात. खान अकॅडमी आहेच. माहितीसाठी पैसे मोजण्याची खरोखर गरज नाही. पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी, की कोणी तरी आपल्या मुलाचे लिहिलेले वाचावे आणि ते कोठे घसरले ते दाखवावे.

लेकीने मग एक चांगली युक्ती केली. पुढच्या प्रत्येक उमेदवाराला तिने नातीचा तोच दोन गुणांचा निबंध धाडला आणि विचारले, "तुम्ही याला किती द्याल आणि का?" दोघांकडून उत्तरच आले नाही. एकाने "खूप छान प्रयत्न" असे लिहिले. आणि एका निवृत्त शिक्षकांनी कळवले: "दोनच. पण तिसरा गुण चौथ्या ओळीत दडून बसला आहे. शनिवारी लायब्ररीत या."

हे गृहस्थ बरीच वर्षे जून महिन्यात बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला जात असत. ताशी साठ डॉलर. पण आठ तासांहून जास्त लागणार नाहीत, असे त्यांनीच सांगितले. जावयांनी मनात गुणाकार केलेला मी पाहिला.

पहिल्या शनिवारी सार्वजनिक वाचनालयात शेजारच्या टेबलावर मी मासिक उघडून बसले. निबंधाचा विषय होता चीनमधला अफूचा व्यापार. कागदांत लिन झेशूचे पत्र होते. 1839 साली या चिनी अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला लिहिले, की तुमच्या लोकांचा हा विषाचा व्यापार थांबवा. नातीने त्याचा सारांश दिला होता. मास्तरांनी पत्र तिच्यापुढे सरकवले आणि विचारले, "हा माणूस कोण? याला बादशहाने कशासाठी नेमले आहे? लिहितो कोणाला? आपल्याच बंदरातल्या लाचखाऊ अधिकाऱ्यांबद्दल तो परक्या राणीला काही लिहील का?"

आणि ते गप्प बसले. चांगली पाच मिनिटे. मी मासिकाचे पान उलटायलाही विसरले. शिकवताना गप्प बसणे ही केवढी अवघड गोष्ट आहे, ते ज्यांनी फळ्यापुढे आयुष्य काढले त्यांनाच ठाऊक. शेवटी नात हळूच म्हणाली, "म्हणजे पत्रात काय नाही, तेही मी लिहायचे?"

त्या रात्री ती माझ्या खोलीत आली. "आजी, अफूबद्दल कागदांबाहेरचे काही तुला माहीत आहे?" ही शिकवणी नव्हती, ही गोष्ट सांगणे होते, आणि ते आजीला माफ आहे. मी तिला माळव्याची अफू सांगितली, ती मुंबई बंदरातून चीनला कशी जाई ते सांगितले. सर जमशेटजी जीजीभाई सांगितले. त्यांच्या चीनच्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, आणि 1845 साली उघडलेल्या ज्या जे. जे. रुग्णालयाला त्यांच्या दानाचा हात लागला, त्याच्या आवारात तिचे पणजोबा औषधाला रांगेत उभे राहत. ती डोळे विस्फारून ऐकत होती.

पुढच्या शनिवारी तिने ते सगळे निबंधात घातले. मास्तरांनी वाचले आणि म्हणाले, "हे खरे आहे. पण याने सिद्ध काय होते?" तिने विचार करून उत्तर दिले, की नफा एकट्या इंग्रजांनी खाल्ला नाही, साम्राज्याच्या आत राहणारे हिंदी व्यापारीही त्यात होते, म्हणून 'पूर्व विरुद्ध पश्चिम' एवढेच म्हणणे अपुरे पडते. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर अर्जावर सही करा, असे ती कोणाला म्हणाली नाही. तो कागद फ्रिजवर चिकटलेला होता. फेब्रुवारीत कधी तरी त्याच्या मागच्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिलेली मला दिसली.

अभ्यासक्रमात मराठ्यांचे नाव किती येते, असे तुम्ही विचारालच. येते, पण सत्तेला झालेल्या विरोधाची उदाहरणे म्हणून जी यादी आहे तीत मराठे आणि मोगल यांचा झगडा हे एक उदाहरण. शेजारी रशियाचे कोसॅक, फ्रान्समधले फ्रोंद, अंगोलाची राणी न्झिंगा आणि न्यू मेक्सिकोतले प्वेब्लो लोक. सत्तावीस वर्षांचे युद्ध एका ओळीत! माझा जीव थोडा खट्टू झाला. पण नातीने मराठे आणि प्वेब्लो यांची तुलना करायला घेतली, आणि 1680 हे साल दोन्हीकडे निघाले. एप्रिलात इकडे शिवाजी महाराज गेले. ऑगस्टात तिकडे प्वेब्लो लोकांनी गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धाडून उठावाचा दिवस कळवला आणि स्पॅनिश लोकांना हाकलून दिले. बारा वर्षांनी स्पॅनिश परत आले. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो मात्र 1707 साली इथेच मेला. "असे का?" हा तिचा प्रश्न, आणि गड, चौथाई, विखुरलेले सरदार हे तिचे उत्तर. मी तीस वर्षे हा भाग शिकवला, पण त्याच्या शेजारी प्वेब्लोंना कधी बसवले नव्हते.

2025 ची परीक्षा संगणकावर टंकून द्यायची होती, म्हणून मास्तरांनी शेवटचे दोन निबंध घड्याळ लावून तसेच लिहून घेतले. सातव्या तासानंतर ते म्हणाले, की आता माझे काम नाही. आठव्या तासाचे पैसे लेकीने देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

जुलैत निकाल लागला तेव्हा मी पुण्याला परतले होते. चार. लेक खूश, नात थोडी रुसलेली. जावई फोनवर म्हणाले, "आई, एक गुण कोठे गेला हो?" मी म्हटले, तो आठव्या तासात असेल. मग त्यांची नोकरी टिकली, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले, आणि आम्ही गौरी-गणपतीच्या तिकिटांकडे वळलो.